ॲकाँड्रोप्लासियातील तंत्रिका तंत्राचे उपद्रव

ॲकाँड्रोप्लासिया हा अस्थींच्या वाढीतील जन्मजात दोष असून धडाच्या मानाने हातपाय फार आखूड असलेल्या खुजेपणाचे ते सर्वांत सामान्य कारण होय. सु. २५,००० जन्मांमागे एक बालक हा दोष घेऊन जन्माला येते. प्रौढपणी पुरुषांची उंची सरासरीने १३१ सेंमी. आणि स्त्रियांची १२४ सेंमी. इतकी भरते. डोके मोठे, कपाळ पुढे आलेले, नाकाचे मूळ बसके, बोटे आखूड व पसरलेली, कमरेचा बाक अधिक, धडाची लांबी मात्र जवळजवळ नेहमीइतकी, अशी या व्यक्तींची ठेवण असते. बुद्धी सर्वसामान्य असते. या विकाराचे वर्णन दीर्घकाळ उंचीच्या अनुषंगानेच केले गेले. प्रत्यक्षात जिवाला व हातापायांच्या शक्तीला जो धोका संभवतो, तो आखूड हाडांमुळे नव्हे, तर मेंदू व मेरुरज्जू ज्या पोकळ्यांत व नळीत वसलेले असतात त्या अरुंद राहिल्यामुळे होय. हे ध्यानात येण्यास वैद्यकाला सु. शंभर वर्षे लागली.

धोक्याचे मूळ अस्थिभवनाच्या दोन पद्धतींत आहे. कवटीचा घुमट पटलापासून तयार होतो, तर तिचा तळ, लांब हाडे व कशेरुका (मणके) प्रथम उपास्थीच्या (कूर्चेच्या) रूपात असतात आणि मग त्यांचे अस्थीत रूपांतर होते. ॲकाँड्रोप्लासियात बिघाड होतो तो या दुसऱ्या पद्धतीत. परिणामी घुमट मोठ्या होत जाणाऱ्या मेंदूबरोबर वाढतो, पण तळ आखूड राहतो. लंबमज्जा व मेरुरज्जू यांचा सांधा ज्यातून जातो ते महारंध्र लहान राहते. मेंदूतील नीलांचे रक्त बाहेर नेणारी छिद्रेही अरुंद होतात. कशेरुकांच्या पुढील व मागील भागांना जोडणाऱ्या उपास्थी वेळेआधीच सांधल्या गेल्याने कण्यातील नळीचा घेर लहानच राहतो. तंत्रिका ऊतक मुळात निरोगी असते व आपल्या नेहमीच्या आकारापर्यंत वाढते. घर लहान आणि त्यातील माणूस पूर्ण वाढीचा, अशी ही अवस्था असते.

प्राचीन ईजिप्तमध्ये अशा व्यक्तींना समाजात मानाचे स्थान असल्याचे दिसते. गीझा येथे हेर्मान युंकर यांना १९२६–२७ च्या उत्खननात सापडलेल्या सेनेब या अधिकाऱ्याच्या थडग्यातील शिल्पात तो पत्नीशेजारी मांडी घालून बसलेला असून खाली त्याच्या पायांच्या जागी त्याची दोन मुले उभी केलेली आहेत. शिल्पकाराने उणीव झाकली आणि ठेवणही अचूक टिपली. यूरोपातील राजदरबारांत हा मान उरला नाही. तेथे खुज्या व्यक्ती करमणुकीसाठी बाळगल्या जात. स्पेनच्या दरबारातील सेबास्त्यान दे मोर्रा याचे व्हेलास्केथ यांनी केलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. त्यातील रोखून पाहणारी नजर चित्रकाराची सहानुभूती दाखविते. मात्र शिल्पे असोत वा चित्रे, त्यांत दिसते ते बाह्य रूपच. अशा किती मुलांचा पाळण्यातच अंत झाला, याचा मागमूस त्यांत मिळणे शक्य नाही.

जर्मन शारीरविद झाम्युएल टोमास फोन झ्यमरिंग (१७५५–१८३०) यांनी १७९१ मध्ये अशा एका अर्भकाचे वर्णन व चित्र प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात अशी अर्भके मुडदूस किंवा अवटुग्रंथीच्या न्यूनतेने येणारी जडवामनता यांत गणली जात. रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी कवटीच्या तळावरील हाडे अकाली सांधली जाण्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लक्ष वेधले. पण त्यांनीही त्याचा संबंध जडवामनतेशीच जोडला. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा, अशी या विषयात अनेक उदाहरणे आहेत. १८७८ मध्ये फ्रेंच बालरोगतज्ज्ञ झ्यूल पारो (१८२९–८३) यांनी हा विकार मुडदुसापासून वेगळा काढला व त्यास ‘ॲकाँड्रोप्लासिया’ हे नाव दिले. या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘उपास्थी तयार न होणे’ असा आहे. हे नाव यथार्थ नाही, कारण उपास्थी तयार होते, तिची वाढ मात्र मंदावलेली असते. एदुआर्त काउफमान यांनी १८९२ मध्ये सुचविलेली ‘गर्भीय उपास्थी-दुर्विकसन’ या अर्थाची संज्ञा जर्मन व स्कँडिनेव्हियन लेखनात अनेक दशके चालू राहिली. प्येअर मारी (१८५३–१९४०) या पॅरिसच्या तंत्रिकातज्ज्ञांनी १९०० मध्ये प्रौढ रुग्णांचे सविस्तर वर्णन करून त्रिशूळासारखी बोटे पसरलेल्या हाताचे लक्षण रूढ केले. तंत्रिका तंत्राच्या विकारांत ज्यांचे नाव आजही पदोपदी घेतले जाते, त्या मारी यांच्या या लेखनामुळे प्रौढ रुग्णाची ओळख पक्की झाली. तरी त्याचा भर शरीराच्या ठेवणीवरच राहिला.

कण्याकडे प्रथम लक्ष गेले ते व्हिएन्नात. डोनाट आणि फोगल यांनी १९२५ मध्ये अशा खुज्या व्यक्तींचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध करून कशेरुक नलिकेच्या अरुंदपणाला महत्त्व दिले. फोगल यांनी हा विषय सोडला नाही. १९४९ मध्ये ऑझ्बर्न यांच्यासह त्यांनी मेरुरज्जूच्या इजेवर अमेरिकेत लेख लिहिला आणि १९६२ मध्ये या व्यक्तींच्या नशिबी येणाऱ्या तंत्रिका-उपद्रवांवर पुन्हा लिहिले. वेल्समधील जॉन स्पिलेन यांनी १९५२ मध्ये तीन रुग्णांची हकीकत दिली, तर दुव्वाझँ व यार यांनी १९६२ मध्ये मेरुरज्जू आणि तंत्रिका-मुळे यांवरील दाबाच्या लक्षणसमूहांची मांडणी केली. तीन-चार रुग्णांच्या हकीकती घेऊन लिहिलेले हे लेख संख्येने थोडे होते. परंतु चाळिशीतील रुग्णाच्या पायांची शक्ती का जाते, याचे उत्तर त्यांत होते.

याच सुमारास हेंक फर्बीस्ट (१९०९–९७) या डच शस्त्रक्रियाविशारदांनी सामान्य उंचीच्या लोकांतही कटिभागातील नलिका जन्मतः अरुंद असू शकते व त्यामुळे विशिष्ट लक्षणे उद्‌भवतात, हे १९५४ मधील लेखात दाखवून दिले. रुग्ण काही अंतर चालला की पाय जड होतात, मुंग्या येतात, थांबावे लागते. पायाच्या रोहिणी आकुंचित झाल्या असता नुसते उभे राहूनही वेदना शमतात; येथे मात्र पुढे वाकल्यावर किंवा उकिडवे बसल्यावरच आराम पडतो, कारण वाकण्याने कण्याची नळी किंचित रुंद होते. ॲकाँड्रोप्लासियात कटिकशेरुकांच्या कमानीच्या दोन दांड्यांमधील अंतर वरून खाली वाढत जाण्याऐवजी कमी होत जाते. निरोगी कण्यात नेमके याच्या उलट असते. क्ष-किरण चित्रातील ही खूण केफी यांनी १९५८ मध्ये आणि लँगर, बाउमान व गॉरलिन यांनी १९६७ मध्ये निदानासाठी निश्चित केली. त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. तोवर ॲकाँड्रोप्लासिया या एका नावाखाली अनेक वेगवेगळे अस्थिविकार एकत्र मोजले जात. लामी व मारोतो यांनी १९५९–६० च्या सुमारास त्यांतील काही वेगळे काढले होते. निदानच मिश्र असेल, तर उपद्रवांचे कोणतेही प्रमाण विश्वसनीय ठरत नाही. मर्क यांनी १९४१ मध्ये डेन्मार्कमधील खुज्या व्यक्तींची केलेली गणना उत्परिवर्तनाच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते. तिच्यातही कोपनहेगनमधील ९४,०७५ जन्मांतील दहा बालकांत अन्य विकारांची काही बालके मिसळलेली असावीत, असे पुढे मानले गेले.

डोक्याच्या आकाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. बॉल्टिमोर येथील वॉल्टर डँडी (१८८६–१९४६) यांनी मेंदूच्या विवरांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्याची रीत नुकतीच प्रचारात आणली होती. १९२१ मध्ये त्यांनी या विकारातील जलशीर्षाविषयी लेख लिहिला. आखूड तळामुळे मस्तिष्क-मेरुद्रवाची वाट अडते, असे स्पष्टीकरण त्यानंतर दीर्घकाळ मान्य होते. १९६१ मध्ये डेनिस, रोझेनबर्ग व ॲल्व्हर्ड यांनी मेंदूचे आकारमानही नेहमीपेक्षा मोठे असते याकडे लक्ष वेधले. म्हणजे मोठे डोके हे प्रत्येक वेळी जलशीर्षाचे चिन्ह नव्हे. १९५० नंतर द्रव वाहून नेणाऱ्या झडपयुक्त नळ्या उपलब्ध झाल्या आणि मुलाच्या डोक्याचा घेर सामान्य मुलांच्या आलेखाबाहेर गेला, एवढ्यावरून नळी बसविण्याचा मोह वाढला. अशी नळी एकदा बसविली की ती तुंबणे, तिला जंतुसंसर्ग होणे व पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे यांतून मुलाची सुटका क्वचितच होते. विल्यम हॉर्टन व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ॲकाँड्रोप्लासिया असलेल्या मुलांसाठी उंचीचे व डोक्याच्या घेराचे स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले, ही या इतिहासातील साधी पण मोलाची कामगिरी म्हटली पाहिजे. मुलाची तुलना कोणाशी करावयाची, हे ठरल्यावर डोक्याचे मोजमाप अर्थपूर्ण झाले.

दरम्यान जलशीर्षाचे कारणही बदलले. १९८० मध्ये प्येअर-कान व त्यांच्या पॅरिसमधील सहकाऱ्यांनी २५ रुग्णांचा अभ्यास केला. मानेतील नीला कवटीबाहेर पडते ते छिद्र अरुंद असल्याने मेंदूतील नीलांचा दाब वाढतो व द्रवाचे शोषण मंदावते, हा विचार त्यातून व नंतरच्या कामांतून बळावला. कपाळावर व टाळूवर ठळक दिसणाऱ्या शिरांचा अर्थ यामुळे लागला. बहुतेक मुलांत हा दाब काही काळाने आपोआप संतुलित होतो. म्हणून घाई न करता घेर मोजत राहणे व लक्षणे वाढली तरच शस्त्रक्रिया करणे, हे धोरण पुढे सर्वत्र स्वीकारले गेले.

सर्वांत उशिरा उलगडला तो सर्वांत घातक उपद्रव. एक वर्षाच्या आतील काही मुले झोपेतच मृत्यू पावत. आदल्या दिवशी मूल ठीक असे. ‘आकस्मिक अर्भकमृत्यू’ ही संज्ञा १९६९ मध्ये रूढ झाल्यावर असे मृत्यू तिच्याखाली जाऊ लागले. तत्पूर्वी मूल मुळात अशक्त होते, एवढेच समजले जाई. दोन्ही प्रकारांत चौकशी तेथेच थांबे. महारंध्र अरुंद आणि लंबमज्जेत श्वसनाची केंद्रे, या दोन गोष्टी शारीरविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या. त्या एकमेकींशी जोडल्या जाण्यास इतका काळ का लागावा, असा प्रश्न पडतो. याचे एक कारण साधनांत आहे. संगणकीय छेदचित्रण १९७० नंतर व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण १९८० नंतर आले. त्याआधी जिवंत अर्भकाचे महारंध्र नीट मोजणे कठीणच होते. दुसरे कारण असे की, रुग्ण विखुरलेले असत आणि एका वैद्याला उभ्या आयुष्यात अशी दोन-चारच मुले पाहावयास मिळत. अमेरिकेत बिली बार्टी या नटाच्या पुढाकाराने १९५७ मध्ये खुज्या व्यक्तींची संघटना रीनो येथे स्थापन झाली. बॉल्टिमोरचे आनुवंशिकीविज्ञ व्हिक्टर मक्यूसिक (१९२१–२००८) आणि त्यांचे सहकारी १९६० नंतरच्या दशकात तिच्या मेळाव्यांना जाऊ लागले. एकाच ठिकाणी अनेक कुटुंबे भेटू लागल्यामुळे विखुरलेल्या हकीकतींतून एक चित्र तयार झाले. रुग्णांनी स्वतःहून एकत्र येणे हे या संशोधनाला उपकरणांइतकेच उपयोगी पडले.

१९८१ मध्ये जपानमधील यामादा व सहकाऱ्यांनी मुलांतील तंत्रिका-लक्षणांचा आढावा घेतला. १९८४ मध्ये रिचर्ड पॉली व सहकाऱ्यांनी ॲकाँड्रोप्लासिया असलेल्या अर्भकांतील श्वासरोध व अनपेक्षित मृत्यू यांचा संबंध लंबमज्जा व मेरुरज्जू यांच्या सांध्यावरील दाबाशी स्पष्टपणे जोडला. १९८५ मध्ये जॅकलीन हेख्ट व सहकाऱ्यांनी महारंध्राची मापे निरोगी मापांशी ताडून पाहिली. १९८९ मधील त्यांच्या अभ्यासात रंध्राची वाढ पहिल्या वर्षातच सर्वाधिक खुंटते आणि त्याची रुंदी लांबीपेक्षाही अधिक बाधित होते, असे दिसून आले. मधल्या काळात, १९८७ मध्ये, हेख्ट यांचा ७०१ व्यक्तींच्या मृत्युमानाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात चार वर्षांखालील मुलांचे मृत्यू मुख्यतः आकस्मिक असल्याचे आणि अशांपैकी सु. निम्म्यांत मस्तिष्कस्तंभावरील दाब कारणीभूत असल्याचे आढळले. पहिल्याच वर्षी मृत्यू येण्याचा धोका ७·५ टक्क्यांपर्यंत असू शकतो, असा अंदाज त्यातून निघाला. पूर्वी दैवगती म्हणून सोडून दिलेल्या मृत्यूंना आता कारण मिळाले, आणि कारण मिळाले म्हणजे उपायाची जबाबदारीही आली.

उपाय म्हणजे महारंध्राच्या मागील कडेचे हाड व गरज पडल्यास पहिल्या कशेरुकेची कमान काढून जागा मोकळी करणे. प्रश्न होता तो ही शस्त्रक्रिया कोणावर करावयाची याचा. रंध्र तर जवळजवळ प्रत्येक अर्भकात लहान असते. सर्वांवर शस्त्रक्रिया केली, तर ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशा बहुसंख्य मुलांना विनाकारण धोका पोहोचतो. न केली, तर थोडी मुले हातची जातात. पॉली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५३ अर्भकांची क्रमाने तपासणी केली व त्यांपैकी पाच जणांना शस्त्रक्रियेची गरज असल्याचे ठरविले. पायांतील प्रतिक्षेपी क्रिया जोरकस होणे किंवा पाऊल थरथरत राहणे, झोपेच्या नोंदीत मेंदूकडून येणारी श्वासप्रेरणा क्षीण असणे आणि रंध्राचे माप याच विकारातील इतर मुलांच्या मानानेही लहान असणे, या गोष्टी धोक्याच्या निदर्शक ठरल्या. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ मध्ये या मुलांच्या देखरेखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. २००५ व २०२० मध्ये ते सुधारण्यात आले. लंडनमधील वैद्यांनी २०२१ मध्ये चुंबकीय चित्रणावर आधारित शून्य ते चार अशी श्रेणी मांडली. तीत रंध्राच्या आकाराइतकेच मेरुरज्जूभोवती द्रव उरला आहे की नाही, यालाही महत्त्व आहे. प्रत्येक अर्भकाचे चित्रण करावे की लक्षणे दिसणाऱ्यांचेच, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता झालेली नाही.

विकाराच्या मूळ कारणाचा शोध या वाटेला समांतर चालला होता. व्हिल्हेल्म व्हाइनबर्ग यांनी १९१२ मध्ये अशी मुले भावंडांत बहुधा शेवटची असतात असे नोंदविले. लायोनेल पेनरोझ (१८९८–१९७२) यांनी १९५५ मध्ये हा संबंध पित्याच्या वयाशी असल्याचे दाखविले. सु. ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, त्याचा उलगडा यातून झाला. १९९४ मध्ये अमेरिकेतील जॉन वॉस्मथ यांच्या व पॅरिसमधील फ्रेंच गटाने स्वतंत्रपणे हा दोष चौथ्या गुणसूत्रावरील तंतुजनक वृद्धिघटकाच्या तिसऱ्या ग्राहीच्या जनुकात असल्याचे शोधून काढले. जवळजवळ सर्व रुग्णांत ३८० व्या स्थानावरील ग्लायसीन या ॲमिनो अम्लाऐवजी आर्जिनीन आलेले असते. १९९६ मध्ये हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत हाडे अधिक लांब वाढलेली आढळली. म्हणजे हा ग्राही हाडांच्या वाढीला लगाम घालणारा असून ॲकाँड्रोप्लासियात तो लगाम सतत ओढलेला राहतो. पारो यांच्या नावातील चूक येथे पूर्णपणे स्पष्ट झाली. आईवडील दोघेही बाधित असून मुलाला दोघांकडूनही दोष मिळाला, तर छाती व महारंध्र इतके अरुंद होतात की, ते मूल बहुधा अर्भकावस्थेतच दगावते.

शस्त्रक्रियेखेरीज साध्या खबरदारीचेही महत्त्व याच काळात कळून आले. डोके जड व मान लुळी असल्याने लहान मुलाची मान सावरून धरणे, तिला झटका बसू न देणे आणि भूल देताना ती फार मागे न झुकविणे आवश्यक असते. पाठीचे स्नायू बळकट होण्यापूर्वी मुलाला आधाराविना बसविले, तर छाती व कटी यांच्या सांध्यावर कुबड येते. बहुतेकांत ते चालू लागल्यावर जाते. ज्यांच्यात टिकते त्यांच्या आधीच अरुंद असलेल्या नलिकेत मेरुरज्जूवर आणखी दाब पडतो. म्हणून पाठ गोलाकार वाकविणारी आसने व कापडी वाहके टाळून सपाट, टणक पाठीचा आधार द्यावा, असे सांगितले जाते. आपल्याकडील कापडी झोळीतही मुलाची पाठ व मान अशाच वाकतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

प्रौढ रुग्णांची स्थिती याहून कमी समाधानकारक आहे. विन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ७९३ व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. तीत आयुर्मान सरासरीने सु. दहा वर्षांनी कमी असल्याचे व प्रौढांच्या मृत्यूंत हृद्‌विकारांबरोबर तंत्रिका-विकारांचाही वाटा मोठा असल्याचे आढळले. कटिभागातील दाबाची लक्षणे पुष्कळांत तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतात. वय झाले, वजन वाढले, अशी समजूत करून घेऊन रुग्ण चालणे कमी करतो. मूत्राशयावरील ताबा गेल्यावर तो रुग्णालयात येतो. तोवर दाब काढूनही गेलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही. कमानी काढून नलिका मोकळी करण्याची शस्त्रक्रिया वेळीच केली, तर गुण येतो. मात्र ती अनेक कशेरुकांवर करावी लागते व कण्याच्या स्थैर्याची काळजी घ्यावी लागते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने खुजेपणाचा समावेश दिव्यांगत्वात केला असून त्यासाठी प्रौढ उंचीची मर्यादा १४७ सेंमी. ठेवली आहे. उंची मोजणे सोपे आहे. तथापि चाळिशीतील रुग्णाला काही पावले चालून उकिडवे का बसावे लागते, हे वैद्याने स्वतः विचारल्याशिवाय त्या मापावरून कळत नाही.

वाढीचा हा लगाम सैल करणारे व्होसोरिटाइड हे औषध २०२१ मध्ये यूरोप व अमेरिकेत मान्य झाले. रोज त्वचेखाली टोचावयाच्या या औषधाने, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनुसार, मुलांच्या उंचीची वाढ वर्षाला सु. १·६ सेंमी.ने अधिक झाली. मान्यता मिळाली ती उंचीच्या मापावर. महारंध्राच्या उपास्थी आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच सांधल्या जात असल्याने अगदी लहान वयात सुरू केलेल्या औषधाने ते रंध्र रुंद होते काय, याकडे संशोधकांचे लक्ष लागले असून अर्भकांवरील चाचण्यांत चुंबकीय चित्रणाने त्याची मोजमापे घेण्यात आली आहेत.